परदेशी आवृत्तीचा व्हिडिओ गेम घेण्यापूर्वी खोका कसा वाचावा

एखादा नवा गेम जगभर एकाच दिवशी प्रसिद्ध झाला, तरी प्रत्येक देशात विकली जाणारी वस्तू तंतोतंत सारखी असतेच असे नाही. वयोगटाचे चिन्ह वेगळे असते, भाषा वेगळ्या असतात, काही ठिकाणी डब्यात डिस्कऐवजी गेम इंटरनेटवरून उतरवण्याचा नुसता कोड असतो, आणि क्वचित गेममधील दृश्येसुद्धा बदललेली असतात. यातील बहुतेक माहिती खोक्यावर छापलेली असते. ती कोणत्या क्रमाने तपासावी, हे एकदा अंगवळणी पडले की परदेशी आवृत्ती मागवताना फसगत होत नाही.

सर्वांत आधी आपले कन्सोल, म्हणजे गेम खेळण्याचे यंत्र, ती आवृत्ती चालवते का, हे पाहावे. प्लेस्टेशन १ आणि २, निन्टेन्डोचे वी, थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांवर रीजन लॉक होता, म्हणजे जपानमधील डिस्क किंवा कार्ट्रिज अमेरिकी यंत्र स्वीकारत नसे. एक्सबॉक्स ३६० च्या बाबतीत हा निर्णय प्रकाशकावर सोडलेला होता, त्यामुळे प्रत्येक गेमची वेगळी चौकशी करावी लागते. प्लेस्टेशन ४ आणि ५, एक्सबॉक्स वन आणि त्यानंतरची यंत्रे, तसेच निन्टेन्डो स्विच यांवर मात्र कोणत्याही देशातील डिस्क किंवा कार्ड सहसा चालते. चीनच्या मुख्य भूमीत अधिकृतपणे विकले गेलेले स्विच हा ठळक अपवाद आहे. जुने गेम जमवणाऱ्यांनी प्लेस्टेशन १ आणि २ च्या डिस्कवरील क्रमांक पाहावा. ‘एसएलयूएस’ असेल तर अमेरिका, ‘एसएलईएस’ असेल तर युरोप, आणि ‘एसएलपीएस’ किंवा ‘एसएलपीएम’ असेल तर जपान. तिसरे इंग्रजी अक्षर (यू, ई किंवा पी) प्रदेश सांगते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

त्यानंतर वयोगटाचे चिन्ह. त्यावरून आवृत्ती कोठली आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. अमेरिका व कॅनडात १९९४ पासून ईएसआरबी या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेची अक्षरे छापली जातात. युरोपातील बहुतेक देशांत २००३ पासून पेगी या तशाच व्यवस्थेचे ३, ७, १२, १६, १८ हे आकडे असतात. जर्मनीत यूएसकेचा मोठा रंगीत चौकोन असतो. आणि जपानमध्ये सेरोची ए, बी, सी, डी, झेड ही अक्षरे असतात. येथे रंगांवर विसंबू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. पेगीचा हिरवा रंग ३ आणि ७ या लहान वयांसाठी आहे, तर यूएसकेचा हिरवा चौकोन आणि सेरोचे हिरवे ‘बी’ हे दोन्ही १२ वर्षांसाठी आहेत. अक्षरांचेही तसेच आहे. अमेरिकी खोक्यावरील ‘एम’ म्हणजे १७ वर्षे व त्यापुढील, पण ऑस्ट्रेलियातील ‘एम’ ही १५ वर्षे व त्यापुढील वयासाठी केलेली केवळ शिफारस आहे. मुलांसाठी गेम घेणाऱ्या पालकांनी चिन्ह कोणत्या देशाचे आहे, हे ओळखल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये.

जर्मन आवृत्तीबाबत एक बारकावा संग्राहकांना उपयोगी पडेल. यूएसकेचा चौकोन मुखपृष्ठावर ठळकपणे छापणे तेथे बंधनकारक आहे आणि तो चित्राचा मोठा कोपरा झाकतो. म्हणून अनेक प्रकाशक आवरणाच्या आतील बाजूस तेच चित्र चौकोनाशिवाय छापतात. प्लास्टिकच्या खाचेतून कागद अलगद ओढून काढावा, उलटा करावा आणि पुन्हा सरकवावा, की स्वच्छ मुखपृष्ठ समोर येते.

चिन्ह बदलते तेव्हा आशयही बदललेला असू शकतो. जपानमध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल ७’ दोन स्वरूपांत विकला गेला: नेहमीची आवृत्ती आणि अधिक रक्तपात दाखवणारी, केवळ प्रौढांसाठीची आवृत्ती. जर्मनीत ‘वोल्फेन्स्टाइन २’ नाझी चिन्हे काढून विकावा लागला. ऑगस्ट २०१८ नंतर यूएसकेने अशा चिन्हांचा प्रत्येक गेमपुरता स्वतंत्र विचार सुरू केला. ज्यांना मूळ स्वरूपच हवे आहे, त्यांनी खोक्यावरील आवृत्तीचे नाव अक्षरशः जुळवून पाहावे.

भाषेच्या बाबतीत खोक्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. जपानी आवरणावर सगळा मजकूर जपानीत असूनही आत इंग्रजी असू शकते, आणि याच्या उलटही घडते. त्या देशाच्या डिजिटल दुकानातील गेमच्या पानावर भाषांची यादी दिलेली असते. ती वाचून मगच मागणी नोंदवावी.

डब्यात नेमके काय आहे, हेही आता विचारावे लागते. काही खोक्यांत फक्त कागदावर छापलेला कोड असतो. तो एकदा वापरला की तो गेम सेकंडहँड विकता येत नाही. स्विच २ च्या ‘गेम-की कार्ड’मध्ये संपूर्ण गेम नसतो, तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो, पण कार्ड दुसऱ्याला देता येते. मुखपृष्ठाच्या खालच्या कडेला छापलेली सूचनेची पट्टी हाच या दोहोंचा पुरावा असतो, आणि विक्रेत्याच्या छायाचित्रात नेमकी तीच कडा कापलेली असेल तर पूर्ण छायाचित्र मागावे.

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान होते ते मात्र डिजिटल दुकानातील आपल्या खात्याच्या देशाकडे दुर्लक्ष केल्याने. डिस्क कोणत्याही यंत्रावर चालते म्हणून खरेदीदार निर्धास्त होतो; पण नंतर स्वतंत्रपणे विकली जाणारी भर, म्हणजे डीएलसी, बहुधा त्या-त्या प्रदेशातील आवृत्तीलाच जोडलेली असते. प्लेस्टेशनवर युरोपीय डिस्क असेल आणि अमेरिकी खात्यातून भर विकत घेतली, तर पैसे कापले जातात, फाइल पूर्ण उतरते, आणि तरीही गेममध्ये नवे काही दिसत नाही, कारण दोन्ही आवृत्त्यांचे अंतर्गत क्रमांक वेगळे असतात. प्लेस्टेशन खात्याचा देश एकदा निवडल्यावर बदलता येत नाही आणि भेटकार्डही त्याच देशाच्या दुकानात चालते. म्हणून ज्या देशाचे खाते, त्याच प्रदेशाची डिस्क, हा नियम पाळावा. ज्या गेममध्ये पुढे भर येणारच आहे, त्याच्या बाबतीत तर स्वस्त परदेशी आवृत्तीचा मोह टाळलेलाच बरा.

किमतींची तुलना करतानाही सावध राहावे. प्लेस्टेशन ५ च्या अनेक मोठ्या गेमची किंमत अमेरिकेत ६९.९९ डॉलर आणि युरोपात ७९.९९ युरो अशी छापली जाते. परंतु अमेरिकी आकड्यात विक्रीकर धरलेला नसतो, युरोपीय आकड्यात मूल्यवर्धित कर असतो. काही वेळा कमी किंमत जाणीवपूर्वक त्या देशापुरती राखलेली असते. २०२५ मध्ये निन्टेन्डोने जपानसाठी स्विच २ चे केवळ जपानी भाषेचे यंत्र ४९,९८० येनला आणले, बहुभाषी यंत्र ६९,९८० येनला ठेवले, आणि स्वस्त यंत्राला जपानमधील खात्याशीच बांधले. डिजिटल विक्रीतही अशा भिंती असतात. युरोपीय संघाच्या आत एका देशात घेतलेला गेम दुसऱ्या देशात सुरू होऊ नये म्हणून घातलेल्या बंधनांबद्दल युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये स्टीम हे संगणकावरील गेमचे ऑनलाइन दुकान चालवणारी वाल्व्ह कंपनी आणि पाच प्रकाशक यांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला.

खोका हाती आल्यावर सील तोडण्यापूर्वी वयोगटाचे चिन्ह, खालच्या कडेची पट्टी आणि मागील बाजूचा मजकूर मागणीच्या वर्णनाशी ताडून पाहावा, कारण सील तुटलेला गेम बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत.