फळीवरची रेल्वे: छोटा लेआउट करताना या चुका टाळा

पुण्यात कर्वे रस्त्यावरचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून आलेला माणूस पुढचे दोन दिवस घरातल्या कुणाचं काही ऐकत नाही. १९९८ सालापासून तिथून किती जण असे झपाटून बाहेर पडले असतील! मीही पडलो. घरी आल्याआल्या पाठकोऱ्या कागदावर लेआउटचा, म्हणजे खेळण्यातल्या रेल्वेच्या मांडणीचा, आराखडा काढला: एक घाट, दोन बोगदे, वरून जाणारा पूल, खालून मालगाडी, शिवाय लोकलसाठी वेगळा मार्ग. जागा किती होती? डोंबिवलीतल्या वन-बीएचकेमध्ये पुस्तकांच्या कपाटावरची सव्वा मीटर लांब आणि फूटभर रुंद फळी.

आज त्या फळीवर एक मालधक्का आहे. तीन साइडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ), दोन सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे), आठ वाघिणी म्हणजे मालडबे आणि एक छोटं शंटिंग, म्हणजे डबे मागे-पुढे करून लावणारं, इंजिन. बस. मधल्या काळात दोनदा सगळं उखडून फेकलं आणि प्रत्येक वेळी कारण एकच होतं: मोठ्या लेआउटच्या सवयी छोट्यावर लादल्या होत्या.

फरक वेगाचा आहे, हे मला फार उशिरा कळलं. मोठ्या गोलावर गाडी भरधाव जाते. रुळावर धूळ असो, जोड सैल असो, वेगाच्या भरात ती निसटून जाते. छोट्या फळीवर गाडी रांगते. खऱ्या शंटिंगचा वेग ताशी १० किलोमीटर धरला, तर ओओमध्ये, म्हणजे १:७६ या प्रमाणात, तो सेकंदाला साडेतीन सेंटिमीटर होतो. मीटरभर जायला जवळजवळ अर्धा मिनिट. त्यातही इंजिन दर वीतभर अंतरावर थांबतं, मागे येतं, परत निघतं. मजा त्या रांगण्यातच आहे, पण रूळ टाकताना केलेली प्रत्येक आळशी गोष्टही तिथेच उघडी पडते.

गोल हवाच, हा हट्ट

पहिल्यांदा सगळे गोलच करतात. एचओमधला, म्हणजे १:८७ प्रमाणातला, सगळ्यात घट्ट नेहमीचा वळणरूळ ३६० मिलिमीटर त्रिज्येचा असतो. म्हणजे पूर्ण गोलाला रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ७२ सेंटिमीटर, आणि कडेला थोडी जागा सोडली की ८० सेंटिमीटरचा चौरस. दारातून आत-बाहेर न्यायला, पलंगाखाली सरकवायला हा आकार वाईट. बरं, त्यावर काय चालवणार? आपला आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्यातला प्रवासी) डबा खरा २१ मीटरच्या वर लांब. एचओमध्ये तो साधारण २४५ मिलिमीटर होतो. त्या वळणावर तो डबा चाळीच्या जिन्यातून वर नेल्या जाणाऱ्या लोखंडी कपाटासारखा दिसतो. पोट आतल्या बाजूला, टोकं बाहेर.

गोलच हवा असेल तर एन स्केल घ्या. १:१६०, रूळ ९ मिलिमीटरचा, २४९ मिलिमीटरचं वळण अगदी सर्रास मिळतं आणि ६० सेंटिमीटरच्या पाटावर गोल बसतो. त्याहून घट्ट वळणंही आहेत, टोमिक्स या जपानी कंपनीचं तर १०३ मिलिमीटरचं आहे, पण त्यावर चिमुकली चारचाकी गाडीच जाते. मात्र खरं सांगू? गोलावरची गाडी दहा मिनिटांत सवयीची होते. मग माणूस वेग वाढवतो, आणि मग फोन बघायला लागतो.

पुलाचंही तेच. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर एनमध्येसुद्धा पाचेक सेंटिमीटर उंची चढावी लागते. नेरळ-माथेरान मार्गावरचा १:२० चा चढ कडक मानतात. तोच धरला तरी पाच सेंटिमीटरला एक मीटर रूळ लागतो आणि उतरायला आणखी एक. फळी संपली की हो!

आठ वाघिणींचा डाव, आणि माझा एक सेंटिमीटर

ॲलन राइट या ब्रिटिश मॉडेलकाराने एक रचना बसवली, तिला इंगलनुक म्हणतात. तीन साइडिंग: एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. समोरच्या बाजूला मागे-पुढे करायला एक आखूड रूळ, त्यावर इंजिन आणि तीन वाघिणी मावल्या पाहिजेत. आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून पाच काढायच्या आणि चिठ्ठीच्या क्रमानेच त्या मोठ्या साइडिंगवर लावायच्या. एवढंच. पण आठांतून पाचांचे क्रम मोजले तर ६,७२० होतात. रोज एक डाव खेळलात तरी अठरा वर्षं पुरतील.

हा डाव लांबीवर उभा आहे. इथे जागा कमी पडली तर डाव दिसायला कुरूप होत नाही, तो बंदच पडतो. माझं इंजिन ११ सेंटिमीटर, वाघीण कपलिंगसकट (डबे जोडणाऱ्या हूकसकट) ९. म्हणजे समोरचा रूळ ३८ सेंटिमीटर हवा. मी करवतीने कापताना ३७ धरला, कारण टोकाला लाकडी बफर सुबक बसत होता. दोन दिवस खडी टाकली, रंग दिला, गवत चिकटवलं. तिसऱ्या दिवशी पहिला डाव मांडला. इंजिन तीन वाघिणी घेऊन बफरला टेकलं आणि शेवटच्या वाघिणीचं मागचं चाक सांध्याच्या पात्यावर, म्हणजे सरकणाऱ्या रुळावर. सांधा फिरवला की वाघीण खाली. चाक ना इकडे ना तिकडे. सगळं उखडलं. एका सेंटिमीटरसाठी.

म्हणून नियम: कॅटलॉगमधल्या लांबीवर भरवसा ठेवू नका. तुमचं खरं इंजिन, तुमच्या खऱ्या वाघिणी कपलिंग ताणून फळीवर ठेवा, पेन्सिलीने खूण करा आणि त्यात दोन सेंटिमीटर मिळवा.

साइडिंग मोजताना आणखी एक फसगत होते. लोक सांधा संपतो तिथून लांबी धरतात. पण तिथे शेजारच्या दोन रुळांवरच्या वाघिणी अजून एकमेकींना घासत असतात. खऱ्या रेल्वेत यासाठी दोन रुळांच्या मधे फाउलिंग मार्क असतो. गाडी त्याच्या आत उभी राहिली तरच शेजारून दुसरी जाऊ शकते. दोन्ही रुळांवर एकेक वाघीण ठेवा, बोटाने सांध्याकडे ढकलत न्या, घासायला लागल्या की थांबा. तिथे खूण. मोजायचं तिथून पुढे. माझ्याकडे ती खूण सांध्याच्या टोकापासून चार-पाच सेंटिमीटर पुढे आली.

जागा नाहीच पुरत? मग ५-३-३ कोंबू नका. ३-२-२ करा: पाच वाघिणी, त्यातल्या तिघींची गाडी, समोर इंजिन आणि दोन वाघिणींपुरता रूळ. क्रम साठच होतात, पण डाव चालतो.

इंजिन सांध्यावरच का अडतं

छोट्या लेआउटवर लोक छोटं चारचाकी इंजिन घेतात. बरोबरच आहे. पण वीज चाकांतून येते आणि या इंजिनाची एका बाजूला दोनच चाकं. स्वस्त सांध्यात जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो फ्रॉग प्लास्टिकचा असतो. एक चाक त्यावर गेलं की त्या बाजूची सगळी भिस्त दुसऱ्या चाकावर. त्याखाली धुळीचा एक कण आला की इंजिन मेलं. मग आपण बोटाने टिचकी मारतो, ते झटक्यात पुढे जातं आणि डाव मोडतो.

पैसे वाचवायचे तर घरांवर, झाडांवर वाचवा. सांधे धातूच्या फ्रॉगचे घ्या. दोनच लागतात. ते लावताना वीज पात्यांच्या बाजूने, म्हणजे समोरच्या आखूड रुळातून द्या. साइडिंगच्या टोकाकडूनही तार जोडायची असेल तर फ्रॉगपुढच्या आतल्या दोन्ही रुळांना प्लास्टिकचे जोड हवेत, नाहीतर सांधा फिरवताच शॉर्ट. माझ्या पहिल्या कंट्रोलरने हा धडा धूर काढून दिला होता.

आणि रुळांच्या पत्र्याच्या जोडांवर वीज सोडू नका. ते रूळ सरळ ठेवायला असतात, वीज न्यायला नव्हे. पावसाळ्यात चार महिने गेले की बघा. रुळाच्या तुकड्याला खालून तार सोल्डर करायला दहा मिनिटं लागतात.

बिघाड शोधायची माझी पद्धत अगदी गावठी आहे. इंजिन रोज एकाच जागी थांबतंय? दोष रुळात. कुठेही थांबतंय? दोष चाकांत. सगळ्या वाघिणी एकाच ठिकाणी घसरतात? तिथल्या जोडावरून नख फिरवा, नख अडकलं तर चाकही अडकतं. एकच वाघीण सगळीकडे घसरते? तिची चाकं तपासा. ओओमध्ये एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर साधारण १४.५ मिलिमीटर हवं. तरीही घसरली तर ती फार हलकी असेल. आतून एक-दोन वॉशर चिकटवा. चारचाकी वाघीण मी ५० ग्रॅमच्या आसपास ठेवतो. कपलिंग आठही वाघिणींना एकाच जातीचं. यात तडजोड केलीत तर डाव खेळण्यापेक्षा चिमट्याने हूक सोडवण्यातच संध्याकाळ जाईल.

खडी आणि गोंद

रूळ टाकले की हात शिवशिवतात, लगेच खडी टाकावीशी वाटते. थांबा. पंधरा दिवस नागड्या फळीवर खेळा. जो दोष आज पाच मिनिटांत निघतो तो खडीखाली गेला की करवत लागते.

फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, म्हणजे ते खडीत मुरतं. थेंब-थेंब ड्रॉपरने सोडायचं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की पात्यांपाशी हे पाणी केशाकर्षणाने आपोआप शिरतं. सकाळी सांधा दगड झालेला. सांध्याजवळ खडी कोरडीच, अगदी विरळ ठेवा, गोंद पात्यांच्या अलीकडे थांबवा आणि वाळेपर्यंत तासातासाने सांधा इकडून तिकडे करत राहा. थर्माकोलचे डोंगर करणाऱ्यांनी सॉल्व्हंटवालं रबरी गोंद किंवा स्प्रेचा रंग वापरू नये. डोंगर डोळ्यांदेखत विरघळतो.

फळीबद्दल एकच: एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) नको. मुंबईच्या जुलैत ते बिस्किटासारखं फुगतं. १२ मिलिमीटरचं प्लायवूड, सहाही बाजूंनी रंगवलेलं.

फोडणी आणि उदबत्ती

परदेशी पुस्तकांत न मिळणारा हा भाग. आमचा लेआउट स्वयंपाकघराच्या दारासमोर आहे. रोजच्या फोडणीचा तेलकट थर रुळावर बसतो, त्यावर पंख्याची धूळ. देवघर जवळ असेल तर उदबत्तीचा थर वेगळा. यावर पॉलिश पेपर मारू नका. रूळ क्षणभर चकाकतो, पण ओरखड्यांत घाण आणखी घट्ट बसते. जुन्या सुती बनियनचा तुकडा, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन बोटांनी रुळावरून. कापड काळं व्हायचं थांबेपर्यंत. मग तीच पट्टी रुळावर आडवी धरून इंजिनाची चाकं तिच्यावर फिरवा. चाकं विसरली की साफ केलेला रूळ संध्याकाळपर्यंत पुन्हा काळा. इंजिनात तेल घालायचं तर सुईच्या टोकावरचा थेंब. शिलाई मशीनच्या कुपीतून पिचकारी मारली की ते तेल चाकांवर येतं, आणि मग फोडणीला दोष देण्यात अर्थ नाही.

माणूस मोजा

ओओ आणि एचओ दोन्ही १६.५ मिलिमीटरच्या रुळावर चालतात, म्हणून दुकानात दोन्ही एकच असल्यासारखी मिळतात. इमारती आणि माणसं मात्र एक नाहीत. १६८ सेंटिमीटर उंचीचा माणूस एचओमध्ये १९ मिलिमीटर, ओओमध्ये २२. तीन मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण मालधक्क्यावर दोघं शेजारी उभे केले की एक बापासारखा आणि एक आठवीतल्या पोरासारखा दिसतो. आपल्या ब्रॉडगेजच्या १,६७६ मिलिमीटर रुंदीला एचओमध्ये खरं तर १९ मिलिमीटरचा रूळ हवा. त्यावर वाद घालणारे घालोत, १६.५ वर कुणाची नजर अडकत नाही. माणसांवर अडकते.

झाडं, दिवे, पाट्या यांबद्दल फार लिहीत नाही. कमी ठेवा. हात वाघिणींपर्यंत पोचला पाहिजे आणि बाही सिग्नलच्या खांबाला लागता कामा नये.

रात्री जेवणं झाली की मुलगी आईसफ्रूटच्या काड्यांवर लिहिलेले आकडे डब्यातून काढते: चार, सात, एक, आठ, दोन. मी इंजिन चालवतो, ती सांधेवाली. टिचकी मारून इंजिन हलवलं तर डाव बाद, हा तिचा नियम. गेल्या आठवड्यात दोनदा बाद झालो. उद्या पहिल्या सांध्याखालची तार पुन्हा सोल्डर करायची आहे.