कांद्याच्या मुळात गुणसूत्रं कशी पाहावीत

पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था हा पेशीविभाजनाचा क्रम दहावीत सगळेच पाठ करतात. पण गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले डीएनएचे धागे, नेमकं काय करतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उमगत नाही. त्यासाठी कांदा उत्तम, कारण त्याच्या पेशीत गुणसूत्रं फक्त १६ असतात आणि तीही चांगली मोठी. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे सहज जमतं. ॲसिड हाताळताना मात्र हातमोजे हवेत आणि शिक्षक जवळ हवेत.

१. मुळं उगवा. कांद्याची वाळलेली मुळं ब्लेडने हलकेच काढा. काठोकाठ भरलेल्या ग्लासवर कांदा असा ठेवा, की फक्त बूड पाण्याला टेकेल. पाणी रोज बदला. तीन-चार दिवसांत २-३ सेंमी पांढरी मुळं येतात. काही कांदे हटूनच बसतात, म्हणून चार-पाच लावा.

२. टोकं कापून थांबवा. सकाळी आठ-दहाच्या सुमारास टोकं कापा आणि लगेच एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड व तीन भाग अल्कोहोलच्या मिश्रणात २४ तास ठेवा. प्रत्येक पेशी ज्या अवस्थेत असेल तिथेच थांबते.

३. मऊ करा, रंगवा, दाबा. एक नॉर्मल (1N) तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ६० अंश सेल्सिअसला ५ ते १० मिनिटं ठेवलं, की पेशींना जोडून ठेवणारा थर सैल होतो. पाण्याने धुवा. आता अगदी शेवटचा १-२ मिमी तुकडाच घ्या. विभाजन तिथेच चालू असतं. ॲसिटोकार्मिन या लाल रंगात दहा मिनिटं ठेवून, स्लाइडवर ४५ टक्के ॲसेटिक ॲसिडच्या थेंबात घ्या आणि कव्हरस्लिप ठेवा. पेन्सिलच्या मागच्या टोकाने हळूहळू ठोका. मग टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा जरासा जरी सरकला, तरी पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत वाया जाते.

४. आता शोधा. सूक्ष्मदर्शकाच्या आधी १० पटीच्या वस्तुभिंगाने चौकोनी, दाट पेशी शोधा, मग ४० पटीचं लावा. लांबट पेशी दिसल्या तर तुकडा टोकाच्या फार वरून घेतला गेला आहे.

बहुतेक पेशींत गोल केंद्रक आणि आत बारीक दाणेदार जाळं दिसेल. प्रयोग फसला असं समजू नका. ही इंटरफेज, म्हणजे दोन विभाजनांमधला काळ. पेशीचक्राचा बहुतांश वेळ इथेच जातो आणि याच काळात डीएनए दुप्पट होतो. दुप्पट झाला, तरी गुणसूत्रं १६च राहतात. फक्त प्रत्येकात दोन अर्धगुणसूत्रं, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या दोन सारख्या प्रती असतात. माझे विद्यार्थी सर्वांत जास्त इथेच अडखळतात.

पूर्वावस्थेत केंद्रक सुताच्या गुंडीसारखं दिसतं. धागे हळूहळू आखूड, जाड होत जातात. मध्यावस्थेत केंद्रकावरण उरलेलं नसतं आणि गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात, त्यांचे हात, म्हणजे दोन्ही बाजूंचे भाग, मात्र अस्ताव्यस्त बाहेर लोंबत असतात. मोजायचं असेल तर इथेच, तेही नीट पसरलेली पेशी सापडली तर.

पश्चावस्था मला सगळ्यांत सुंदर वाटते. गुणसूत्रबिंदू, म्हणजे दोन प्रती जिथे जोडलेल्या असतात त्या जागा, दुभंगतात आणि दोन गट विरुद्ध टोकांकडे निघतात. बिंदू पुढे, हात मागे फरफटत, म्हणून कित्येक गुणसूत्रं इंग्रजी ‘व्ही’सारखी दिसतात. आता पेशीत १६ अधिक १६, म्हणजे ३२ गुणसूत्रं आहेत. ओढणारे तर्कूतंतू या रंगात दिसत नाहीत. ते शोधत बसू नका. पुस्तकातला तारककेंद्रही दिसणार नाही, कारण तो प्राणीपेशीतला. कांद्यात तो नसतोच.

अंत्यावस्थेत दोन्ही गट पुन्हा धूसर होतात आणि मधे नवी भिंत उभी राहू लागते.

लक्षात घ्या, इथे एकही पेशी हलत नाही. क्रम तुम्हालाच लावायचा आहे. म्हणून २०० पेशी मोजा आणि कुठल्या अवस्थेत किती, ते वहीत मांडा. जी अवस्था जास्त वेळा सापडेल, ती जास्त वेळ चालते. मोजणी संपेपर्यंत स्लाइड वाळू नये म्हणून कव्हरस्लिपच्या कडांना नेलपॉलिश लावा.