120 तासांचं सर्टिफिकेट होतं, तरी नोकरी मिळेना

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या क्लासमध्ये चार वर्षं इंग्रजी शिकवलं. मग सवलतीत 120 तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण) उरकला आणि व्हिएतनामला अर्ज धाडले. सगळीकडून एकच प्रश्न: तुम्हाला शिकवताना कुणी पाहिलंय का? घोडं तिथंच पेंड खात होतं.

केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिक्षकांसाठीचा कोर्सही 120 तासांचाच, पण त्यात 6 तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि मागे ट्रेनर टिपणं काढत बसतो. खर्च जड गेला, बहिणीकडून उसने घेतले. पहिल्याच तासाला मी इतका बडबडलो, की शिकणाऱ्यांना तोंड उघडायला जागाच नाही. क्लासची सवय, दुसरं काय! ‘तू कमी बोल’ हा शेरा चारदा मिळाला.

मग नावाचा घोळ. माझ्या पदवीवर ‘सोलापूर विद्यापीठ’. 2019 पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. तिकडच्यांना दोन वेगळी वाटली. नामांतराचं पत्र जोडलं, मिटलं. पदवीच्या साक्षांकनासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईच्या दोन खेपा झाल्या. पोलिसांच्या दाखल्याचा अर्ज मात्र शेवटी करा. जुना झाला तर चालत नाही.

पुढच्या मुलाखतीत डेमो घेतला. कमी बोललो. मला नोकरीवर घेतलं.