मूल उशिरा बोलतंय अन् बालवाडीत घालायचंय, तर हे करून बघा

परवा सोसायटीतल्या एकीने विचारलं, ताई तुमचा आता रोज शाळेत जातो, तुम्ही नेमकं केलं काय, अन् जिन्यात उभं राहून पाऊण तास बोलले तरी संपेना म्हणून लिहूनच टाकते. माझा मुलगा सव्वापाच वर्षांचा, ऑटिझम आहे, पावणेतीनचा असताना कळलं. मी डॉक्टर नाही, आई आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आमच्या सासूबाई म्हणायच्या ह्याचे बाबासुद्धा उशिराच बोलले, थांबा जरा. नका थांबू. हाक मारल्यावर बघत नसेल तर सगळ्यात आधी कान तपासा, बेरा टेस्ट मूल झोपलेलं असताना करतात म्हणून आम्ही त्याला पहाटे उठवून दुपारपर्यंत जागं ठेवलं होतं, आम्हीच पेंगत होतो. कान ठीक असले की डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, म्हणजे मुलांचा विकास बघणारे डॉक्टर, गाठा. मूल १६ ते ३० महिन्यांचं असेल तर एम-चॅट म्हणून ऑटिझमची शक्यता बघणारे २० प्रश्न असतात, पण ती फक्त चाळणी, त्यावरून निदान नाही करायचं. पैशांची अडचण असेल तर अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा, २०१३ पासूनची योजना आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फुकट होते.

आता भाषेचं. इथे इंदुरात घरी मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्लिश, त्यामुळे स्पीच थेरपीला (बोलायला शिकवतात ती) जायच्या आधीच तीन जणांनी सांगितलं की मराठी बंद करा, मूल गोंधळतंय. आम्ही चार महिने घरात फक्त हिंदी बोललो. झालं काय, तर आजी गप्प झाली, तिचं हिंदी भाजीवाल्याशी भांडायला एक नंबर आहे पण नातवाचे लाड करायला तिला मराठीच लागतं. शेवटी स्पीचवाल्या मॅडमच म्हणाल्या, दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही, ज्या भाषेत तुम्ही आपोआप बोलता तीच बोला. आजी परत सुरू झाली. त्याचा पहिला कामाचा शब्द झोक्यावर आला, "अजून", अगदी आजीच्या सुरात. म्हणून माझं ऐका, घरातली भाषा सोडू नका.

थेरपी आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास, बाकीचा सगळा आठवडा मूल तुमच्याकडे. त्यामुळे प्रत्येक सेशन संपलं की एकच विचारायचं, ह्या आठवड्यात घरी काय करू, आणि एकच गोष्ट घ्यायची, पाच घेतल्या की एकही होत नाही. आमचं पोह्यांवर चालायचं. त्याला पोह्यांवर जीरावन (इथला मसाला) चालत नाही, शेव तर वेगळ्या वाटीतच हवी, मिसळली की ताट ढकलतो (इंदूरचा असून!). मग शेवेची वाटी हातात धरून मनात दहापर्यंत मोजायचे. तो बघेल, हात पुढे करेल, काहीही करेल, लगेच द्यायची अन् "शेव" म्हणायचं. तरसवायचं नाही हं, फक्त वाट बघायची. फ्रिजवर फोटो लावले, आपल्याच बाथरूमचा, आपल्याच चपलांचा, आधी अंघोळ मग झोका असे. चित्रं दाखवली तर बोलणारच नाही अशी भीती सगळ्यांना वाटते, तसं होत नाही.

बालवाडी बघताना "अशी मुलं घेता का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, मूल टेबलाखाली जाऊन बसलं तर तुम्ही काय करता? एका ठिकाणी उत्तर आलं, शिस्त लावतो, आम्ही चहा न पिता उठलो. आत्ताच्या बालवाडीतल्या टीचर म्हणाल्या, मी पण खाली वाकून बघेन काय चाललंय. तिथेच फी भरली. टीचरला एक पान लिहून द्या, जास्त नाही: कशाने त्रास होतो (आमच्याकडे घंटा अन् मिक्सर), त्याआधी काय दिसतं (पंजांवर चालायला लागतो), कशाने शांत होतो. पहिले पंधरा दिवस एकच तास पाठवला. थेरपिस्ट जे शब्द, जे फोटो वापरतात तेच वर्गातही दिले, नाहीतर मुलाला तीन ठिकाणी तीन वेगळे नियम शिकावे लागतात. टीचरने मुलांना एवढंच सांगितलं की ह्याला आवाज आपल्यापेक्षा मोठा ऐकू येतो, आता घंटेच्या आधी एक मुलगीच त्याचे हेडफोन आणून देते.

मेल्टडाऊन, म्हणजे सगळं असह्य होऊन मूल कोसळतं ते, हट्ट नव्हे. त्यावेळी समजावू नका, शब्द कमी करा, दिवा बंद करा, बाजूला बसा.

२०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात ऑटिझम आहे, आणि सरकारी मान्यतेच्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा असंही आहे, भांडायला नाही पण माहीत असावं. स्पेशल एज्युकेटरला आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर विचारा, लाजू नका. आणि सहा महिन्यांत बरा करतो किंवा स्टेम सेल करा म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका, आमचे थोडे गेलेत.

राजवाड्याच्या गेरला, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीला, आम्ही त्याला नेत नाही. सोसायटीच्या गणपतीला मात्र तो जिन्यात हेडफोन लावून बसतो आणि आरती संपली की प्रसादाला बरोबर सगळ्यांच्या पुढे असतो.