नखाखाली काळी रेघ दिसतेय? घाबरायच्या आधी हे करून बघा

नारळी पौर्णिमेला नारळ खवताना अंगठ्याच्या नखावर खवणी बसली आणि मी विसरूनही गेले, मग काही दिवसांनी बघते तर नखाखाली बारीक तपकिरी रेघ, अगदी कुसळ घुसल्यासारखी. मी येड्यासारखी सुईने कोरत बसले, निघेना, कारण ते कुसळ नव्हतंच, नखाखाली साकळलेलं रक्त होतं. तुम्ही सुई घेऊ नका, इन्फेक्शन होतं.

आधी नख साबणाने धुवा आणि वरून फायलरने अगदी हलकं घासा. हळद, मेंदी, हेअर डाय, गडद नेलपेंट यांचा रंग नखाच्या वरच बसतो, घासल्यावर फिका होतो. नाही झाला तर मामला आतला आहे.

आता फोटो काढा, तारखेसकट. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिमी वाढतं, म्हणजे माराचा डाग तेवढाच टोकाकडे सरकायला हवा आणि मुळाशी स्वच्छ नख दिसायला हवं. माझी रेघ अशीच सरकत सरकत शेवटी नेलकटरने कापली गेली. दारात बोट चेमटून अख्खं नख काळंनिळं झालं असेल तर पूर्ण जायला सहाएक महिने धरा, पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्षही लागतं. फार ठणकत असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, ते नखाला बारीक भोक पाडून रक्त काढतात, घरी सुई तापवून हा उद्योग करू नका.

मुळापासून टोकापर्यंत सलग पट्टा असेल आणि तो सरकतच नसेल तर ते रक्त नाही, रंगद्रव्य आहे. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत बऱ्याच नखांवर असे फिके पट्टे नॉर्मल असतात, बी12 कमी असेल तरी येतात (शुद्ध शाकाहारी मंडळींनी एकदा चेक कराच), केमो किंवा हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसारख्या (मलेरिया, संधिवातावरच्या) गोळ्यांनीपण येतात. हिरवट झालं असेल तर सतत पाण्यात हात असणाऱ्यांना होणारं बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असू शकतं.

खरी भीती एकाच नखावरच्या पट्ट्याची, त्यातही हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याच्या. मोठ्या वयात नव्याने आला, रुंद होत चाललाय, 3 मिमीच्या वर गेलाय, कडा फिसकटलेल्या आहेत, नख चिरतंय किंवा रंग नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरलाय, यातलं काहीही दिसलं तर स्किनच्या डॉक्टरकडे लगेच, कारण हा मेलॅनोमा म्हणजे कॅन्सर असू शकतो आणि तो दुखतोच असं नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ले, त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच निघाला, 1977 मध्ये, आधी फुटबॉलचा मार वाटला होता, 1981 मध्ये तो गेला तेव्हा फक्त 36 वर्षांचा होता.

अजून एक, मार लागलेला नसताना दोन-चार नखांत बारीक लालसर रेघा आणि सोबत ताप, धाप असेल तर फोटोबिटो काढत बसू नका, हृदयाच्या झडपेला इन्फेक्शन असू शकतं, सरळ हॉस्पिटल गाठा.

आणि डॉक्टरकडे जाताना हातापायांच्या सगळ्या बोटांचं नेलपेंट काढून जा, चालू गोळ्यांची यादी आणि ते तारखांचे फोटो सोबत न्या.