स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळताना स्वतःचे तास कसे राखावेत

सांभाळणाऱ्याने स्वतःकडेही लक्ष द्यावं, हे सगळेच सांगतात. कधी द्यावं, ते कोणी सांगत नाही. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे हे तुमच्याच घरात नाही. पण प्रत्येक घरात भार बहुधा एकाच्याच अंगावर पडतो: सून, मुलगी, नाहीतर स्वतःच सत्तरीत असलेली बायको. आजार वर्षानुवर्षं चालतो, तेव्हा ‘वेळ मिळाला तर’ यावर राहू नका.

१. आधी लिहून काढा. तीन-चार दिवस नोंद ठेवा, नेमक्या कोणत्या वेळी तुमचा जीव मेटाकुटीला येतो. पुष्कळ घरांत ती वेळ संध्याकाळची असते. ऊन उतरलं की सासरे बावरतात, ‘घरी जायचंय’ म्हणत दाराशी जातात. उभा जन्म इंदूरच्या रामबागेतल्या त्याच घरात गेला असला तरी. दिवे लवकर लावले, दुपारची झोप आखूड ठेवली, तर कधीकधी फरक पडतो. मदत मागायची ती याच वेळेची. सकाळी येऊन पोहे-जिलबी खाऊन जाणाऱ्या पाहुण्याचा तुम्हाला काय उपयोग!

२. मदत नको, काम मागा. ‘काही लागलं तर सांगा हं’ म्हणणाऱ्यांना खरंच सांगा. पुण्याच्या दिरांना: “मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सात बाई ठेवतेय, तिचा पगार तुमच्याकडे.” सुदामानगरच्या नणंदेला: “रविवारी दुपारी तुम्ही या, मला ‘सानंद’ संस्थेच्या नाटकाला जायचंय.” कोणीतरी म्हणेलच, “त्यांना असं सोडून नाटकं कसली?” वाद घालू नका, पुढचा रविवार त्यांनाच द्या.

येणाऱ्यासाठी एक कागद भिंतीला लावा: औषधं कधी, जेवणात काय चालत नाही, कोणता अभंग लावला की शांत होतात, अडलं तर फोन कुणाला. पहिल्या एक-दोन वेळा तुम्ही घरातच दुसऱ्या खोलीत थांबा, म्हणजे नवा माणूस अंगवळणी पडतो.

आणि या तासांत बँक, दळण, किराणा बसवायचा नाही. तीही कामंच. मेघदूत उपवनात फेरी मारा, महाराष्ट्र साहित्य सभेत व्याख्यान ऐका, नाहीतर सरळ झोपा.

३. रात्र वाटून घ्या. आठवड्यातल्या निदान दोन रात्री दुसऱ्या कुणीतरी रुग्णाच्या खोलीत झोपावं. तो रात्रभर जागाच राहू लागला, तर आजारच असा म्हणून सोडून देऊ नका. दुखणं, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, एखादं औषध, यातलं कारण असू शकतं आणि त्यावर उपाय होतो. झोपेच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना न विचारता देऊ नका. गोंधळ वाढतो, तोल जाऊन पडण्याची भीती असते.

४. त्यांना तपासायला न्याल तेव्हा तुमचाही रक्तदाब मोजून घ्या.

५. राग आला तर खोली सोडा. तोच प्रश्न दहाव्यांदा आला की कुणाचंही डोकं फिरतं. चूक पटवून देण्यात अर्थ नाही, त्यांना पटत नसतं. गॅस बंद आहे, बाहेरच्या दाराला कडी आहे, एवढं बघून पाच मिनिटं गच्चीवर जा. हात उगारावासा वाटू लागला, तर तो तुमच्या स्वभावाचा दोष समजून गिळू नका. कामाचा वाटा त्याच आठवड्यात कमी करा.

६. झोप उडाली, रोज रडू येतंय, जगणं नकोसं वाटतंय, असं झालं तर त्याच दिवशी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते. ज्येष्ठांसाठीच्या सोयी, पेन्शन, कायद्याची माहिती हवी असेल तर एल्डरलाइनचा क्रमांक १४५६७ आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. दोन्ही क्रमांक भिंतीवरच्या त्याच कागदावर लिहा, आणि पहिला नणंदेच्या फोनमध्येही टाकून ठेवा.