हेलियमच्या गणनेवरून प्रकाशीय दाबमानक कसे बसवावे

फॅब्री-पेरो कॅव्हिटीत, म्हणजे समोरासमोरच्या दोन आरशांमधल्या काचेच्या पोकळीत, वायू भरला की लेसरची अनुनाद-वारंवारता सरकते. त्या सरकण्यावरून अपवर्तनांक, त्यावरून घनता आणि घनतेवरून दाब काढता येतो. खरी अडचण काचेची आहे: दाबाने कॅव्हिटी स्वतःच आकसते. १०० किलोपास्कलला हे आकसणे दशलक्षात एक भाग असते, पण हेलियमचा अपवर्तनांक निर्वातापेक्षा जेमतेम ३२ दशलक्षांशांनी जास्त. म्हणजे चूक ३ टक्क्यांची. नायट्रोजनमध्ये तीच ०.४ टक्क्यांहून कमी दिसते. म्हणून आकसणे मोजायला हेलियमच घ्यावा. त्याचा अपवर्तनांक क्वांटम सिद्धांतावरून काढता येतो आणि तो प्रयोगापेक्षा भरवशाचा असतो.

आधी गणित. मोलर ध्रुवणीयतेचे (विद्युतक्षेत्रात वायूचे अणू किती ताणले जातात याचे माप) नेहमी दिले जाणारे मूल्य, ०.५१७२५४ घनसेंमी प्रति मोल, स्थिर विद्युतक्षेत्राचे आहे. ६३३ नॅनोमीटरच्या लेसरला ते सुमारे ०.६ टक्क्याने वाढते, तेव्हा लेसरच्या तरंगलांबीचे मूल्य वापरा. चुंबकीय हिस्साही वगळू नका, तो १५ पीपीएमचा (दशलक्षात १५ भाग) आहे. दाबासाठी वायू-स्थिरांक ८.३१४४६२६१८ धरा, २०१९ पासून त्यात अनिश्चितता नाही. दुसरा व्हिरियल गुणांक (आदर्श वायूपासूनचा फरक सांगणारा), २० अंश सेल्सिअसला सुमारे ११.९ घनसेंमी प्रति मोल, विसरलात तर १०० किलोपास्कलला जवळपास ४९ पास्कल चुकतात.

मग कॅव्हिटी ०.१ पास्कलच्या खाली निर्वात करून मूळ वारंवारता नोंदवा. पिस्टन गेजने (पिस्टनवरच्या ज्ञात वजनाने दाब ठरवणारे उपकरण) १०० किलोपास्कल दाब धरून हेलियम भरा. १५ सेंटिमीटरच्या कॅव्हिटीत सरकणे सुमारे १५ गिगाहर्ट्झ, म्हणजे १५ मोड (लगतच्या अनुनादांमधली अंतरे) भरेल. एक मोड चुकला तर ७ टक्के फरक पडतो आणि तो लपत नाही. मोजलेले सरकणे आणि गणनेतले सरकणे यांतला फरक म्हणजे आकसणे. पिस्टन गेजची अनिश्चितता १० पीपीएम असली, तरी आकसण्याचे मूल्य ०.०३ टक्क्यांपर्यंत पक्के होते. नायट्रोजनमध्ये ती चूक १ पीपीएमच्या आसपास उतरते.

बिघडते ते शुद्धतेत. हेलियममध्ये दशलक्षात एक भाग नायट्रोजन मिसळला, तर अपवर्तनांकाचा १ पेक्षा जास्तीचा हिस्सा ७ ते ८ पीपीएमने फुगतो. त्यामुळे नळ्या तापवून निर्वात करा आणि दर मापनाला ताजा वायू घ्या. तापमानाचे १ मिलिकेल्विन म्हणजे ३.४ पीपीएम, म्हणून थर्मामीटर कॅव्हिटीच्या अंगाला लावा, बाहेरच्या पेटीला नव्हे. अत्यल्प प्रसरणाच्या काचेत हेलियम हळूहळू मुरतो आणि लांबी सरकत राहते. वाचने भरल्या क्षणापासून सलग नोंदवा आणि वक्ररेषा शून्य वेळेकडे मागे नेऊन मूल्य घ्या. स्थिर होण्याची वाट पाहिली तर मुरण्याचा परिणाम आकसण्यात मिसळतो.